पहिली इलेक्ट्रिक गाडी घेताय? आधी वायर आणि अर्थिंग बघा, चार्जर नंतर

इलेक्ट्रिक गाडी बुक करून आलेले ओळखीचे लोक फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चार्जर कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, "मीटरपासून तुमचं पार्किंग किती मीटरवर आहे?" बहुतेकांना सांगता येत नाही. मग पुढचं, "अर्थिंग कधी तपासलंय?" तेही नाही. घरच्या चार्जिंगचं यश या दोन उत्तरांवर ठरतं. भिंतीवर लावायचा डबा कुठल्या कंपनीचा, हे सगळ्यात शेवटी येतं.

मी २०२१ साली गाडी घेतली. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्या धुण्याच्या पंपासाठी १६ अँपिअरचा एक प्लग आधीपासून होता. कमिटीने परवानगी दिली, मी गाडीसोबत आलेला चार्जर त्यात लावला आणि निवांत झोपलो. चौथ्या रात्री वॉचमनने बेल वाजवली, "काका, जळका वास येतोय." खाली गेलो तर सॉकेटचा पांढरा चेहरा तपकिरी झाला होता आणि प्लगची एक पिन प्लास्टिकमध्ये रुतली होती. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडली नव्हती. ती पडणारच नव्हती, कारण करंट जास्त नव्हताच. आतला एक स्क्रू सैल होता, एवढंच कारण.

हिशोब सोपा आहे. सैल जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम धरा आणि त्यातून १४ अँपिअर जातायत असं समजा. त्या एका बिंदूवर जवळजवळ २० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॅटची असते. म्हणजे सॉकेटच्या पोटात एक सोल्डरिंगची इस्त्री आठ तास चालू ठेवण्यासारखं आहे. गीझर अशाच प्लगवर वर्षानुवर्षं चालतो, पण तो वीस मिनिटांत बंद होतो. गाडी रात्रभर ओढत राहते. घरातलं दुसरं कुठलंही उपकरण असं सलग, पूर्ण ताकदीने, रोज चालत नाही. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीतून निघते.

पायरी १: बॅटरी नाही, रोजचे किलोमीटर मोजा

नवीन माणूस बॅटरीच्या आकड्याला घाबरतो. "३० युनिटची बॅटरी, साध्या प्लगवर दहा-अकरा तास लागणार, मग मोठा चार्जर हवाच." पण मोबाइल जसा आपण रोज शून्यावरून भरत नाही, तशी गाडीही भरत नाही. दिवसभरात जेवढं वापरलं तेवढंच रात्री भरायचं असतं.

मध्यम आकाराच्या एसयूव्हीसाठी मीटरवरच्या एका युनिटमागे ६ किलोमीटर धरा. छोटी गाडी याहून बरं देते. गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा थोडा जास्त असतो, कारण घरची एसी (सतत दिशा बदलणारी) वीज बॅटरीसाठी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करताना आणि बॅटरीत साठवताना १० ते १५ टक्के वीज वाटेत जाते. ती पडद्यावर दिसत नाही, बिलात मात्र येते. म्हणून हिशोब नेहमी मीटरवरून करा.

रोज ३५-४० किलोमीटर फिरणं असेल, तर रोजची गरज ६-७ युनिट. १५ अँपिअरच्या (हल्ली यालाच १६ चा म्हणतात) प्लगवरून तासाला साधारण ३ युनिट जातात, म्हणजे सव्वादोन तासांचं काम. रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्या वेळात हाच प्लग २४ युनिट देतो, सुमारे १४० किलोमीटरची सोय. पुण्या-नाशकात नोकरीला जाऊन येणाऱ्या बहुतेक कुटुंबांना यापेक्षा जास्त काही लागत नाही.

बेंगळुरूची रेवा ही छोटी इलेक्ट्रिक गाडी २००१ साली आली, तीसुद्धा १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर चार्ज व्हायची. शिशाच्या बॅटऱ्या, आठ तासांत पूर्ण चार्ज, आणि तेवढ्यावर जेमतेम ८० किलोमीटर. त्या काळी ती गाडी घेतलेल्यांनी वर्षानुवर्षं घरच्या प्लगवर निभावलं. प्लग चांगला असेल तर तो कमी दर्जाचा उपाय नाही.

७.२ किलोवॅटचा मोठा चार्जर मग कोणाला लागतो? रोज शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर जाणाऱ्यांना, एका जागेवर दोन गाड्या आलटूनपालटून भरणाऱ्यांना, आणि मोठ्या बॅटरीच्या गाड्या घेणाऱ्यांना. २०२४ अखेरीस महिंद्राने ५९ आणि ७९ युनिटच्या बॅटऱ्यांच्या गाड्या आणल्या. ७९ युनिटची बॅटरी रिकामी असेल तर साध्या प्लगवर तीस तास लागतील. तिथे मोठा चार्जर हवाच.

पायरी २: भिंतीवरचा डबा म्हणजे चार्जर नव्हे

हे समजलं की निम्मे पैसे वाचतात. खरा चार्जर गाडीच्या आत असतो. घरची २३० व्होल्टची एसी वीज बॅटरीला चालणाऱ्या डीसीमध्ये बदलण्याचं काम तो करतो. भिंतीवरचा डबा हा एक शहाणा स्विच आहे. पिकाला मापाने पाणी द्यावं तसा तो गाडीला सांगतो, "इथून तू एवढेच अँपिअर घे." हे सांगण्यासाठी बंदुकीतल्या (गाडीत खोचायच्या जोडातल्या) एका बारीक वायरवरून सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा १२ व्होल्टचा इशारा जातो. इशारा किती टक्के वेळ चालू आहे, त्यावरून गाडीला मर्यादा कळते. साधारण २७ टक्के म्हणजे १६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे ३२. गाडी आणि डबा यांचं हे बोलणं पूर्ण झाल्याशिवाय बंदुकीत मुख्य वीज सोडलीच जात नाही. पावसात बंदूक हातात धरली तर शॉक बसेल का, ही भीती बऱ्याच घरांत असते. धडधाकट उपकरणाच्या बाबतीत तिला आधार नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की गाडीच्या आतल्या चार्जरची क्षमता हीच शेवटची मर्यादा. गाडी ३.३ किलोवॅट घेणारी असेल, तर ७.२ चा डबा लावूनही ती ३.३ च घेणार. टियागोसारख्या छोट्या गाड्यांत आणि पहिल्या काही वर्षांच्या मॉडेलांत हा आकडा व्हेरियंटप्रमाणे बदलतो, म्हणून बुकिंगच्या कागदावर तो लिहून घ्या.

आणखी एक सापळा सांगतो, कारण त्यात अडकलेले लोक मी पाहिलेत. "पुढची सोय म्हणून" ११ किलोवॅटचा थ्री-फेज डबा घेतला जातो. ११ किलोवॅट म्हणजे तीन फेजवर प्रत्येकी १६ अँपिअर. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या एकाच फेजवर चार्ज होतात. अशा गाडीला त्या महागड्या डब्यातून एका फेजचे १६ अँपिअरच मिळतात, म्हणजे ३.७ किलोवॅटच्या आसपास. स्वस्तातल्या ३२ अँपिअरच्या सिंगल-फेज डब्याच्या निम्मे!

प्लगचा आकार आता प्रश्न राहिलेला नाही. घरच्या एसी चार्जिंगसाठी टाइप २ आणि बाहेरच्या जलद चार्जिंगसाठी सीसीएस २, हे नव्या गाड्यांत ठरून गेलंय. जुनी गाडी सेकंडहँड घेत असाल तर मात्र झाकण उघडून बघा. सुरुवातीच्या ई-व्हेरिटोसारख्या गाड्यांत जीबी/टी हे वेगळं डीसी सॉकेट होतं, आणि त्यासाठीची ठिकाणं आता शोधावी लागतात.

पायरी ३: बिल हातात घ्या

बिलावर "मंजूर भार" असा एक आकडा असतो, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे ते. जुन्या फ्लॅटांत तो बऱ्याचदा दोन-तीन किलोवॅटच असतो. साध्या प्लगवरच्या चार्जिंगलाच ३ किलोवॅट लागतात आणि ३२ अँपिअरचा डबा एकटा ७ किलोवॅटहून जास्त ओढतो. त्यामुळे भार वाढवून घ्यावा लागतो. महावितरणकडे हा अर्ज ऑनलाइन होतो. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, वाढीव सुरक्षा ठेव भरावी लागते, आणि भार मोठा असेल तर थ्री-फेज जोडणी घ्यायला सांगतात. मुंबईत अदानी, टाटा पॉवर किंवा बेस्ट, ज्याचं मीटर असेल त्याच्याकडे जायचं. हे काम गाडी येण्याआधी महिनाभर सुरू करा.

भार न वाढवता "कोणाला कळतंय" म्हणून चालवू नका. मीटरपर्यंतची वायर, मीटरमागचा फ्यूज, हे सगळं जुन्या भाराच्या हिशोबाने टाकलेलं असतं. तापणार ते तुमच्या मीटर-रूममध्ये, आणि शेजारी दहा जणांची मीटरं असतात.

स्वतःच्या घरी स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही, आणि घरगुती जोडणीवर घरगुती दरच लागतो. पण इथे स्लॅब लक्षात घ्या. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. समजा घरचा वापर महिना १८० युनिट आहे आणि गाडी १२०० किलोमीटर चालते. गाडीचे २०० युनिट वाढले की वापर ३८० वर गेला. त्यातले १२० दुसऱ्या टप्प्यात बसतात, ८० तिसऱ्या टप्प्यात जातात. गाडीचा एकही युनिट पहिल्या, स्वस्त टप्प्यात पडत नाही. ज्यांच्या घरी दोन एसी आहेत आणि वापर आधीच चारशेच्या पुढे आहे, त्यांच्या गाडीचे सगळे युनिट सर्वांत वरच्या दरांनी मोजले जातात. अशांनी गाडीसाठी वेगळ्या मीटरचा विचार करावा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१८ पासून इव्ही चार्जिंगचा वेगळा दरगट ठेवलाय. वेगळ्या मीटरचा स्थिर आकारही मोजा, दोन्ही बेरजा कागदावर मांडा आणि मग ठरवा. महिन्याला चार-पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला वेगळं मीटर सहसा परवडत नाही.

स्मार्ट मीटर बसलं असेल तर बिलावर दिवसाच्या वेळेची सवलत दिसते का, तेही बघा. इथे बरेच जण फसतात. रात्री वीज स्वस्त असते हा समज परदेशातल्या व्हिडिओंमधून आलाय. आपल्याकडे घरगुती ग्राहकांची सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या उन्हाच्या वेळेत आहे, कारण तेव्हा सौर वीज मुबलक असते. निवृत्त मंडळी किंवा घरून काम करणारे यांना हे फार सोयीचं आहे. छतावर सोलर असेल तर अजूनच. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे दोन किलोवॅटमध्ये रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर निघतात.

गावाकडच्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळा वापर हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली येतो आणि आकारणी भारी पडते. गावठाण फीडरवरच्या घरच्या मीटरवरच चार्ज करा. संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत खाली येत असेल, तर चार्जर मध्येच थांबेल. तो बिघडलेला नसतो. रात्री अकरानंतर पंप आणि टीव्ही बंद झाले की दाब सावरतो, तेव्हाची वेळ गाडीत लावून ठेवा.

पायरी ४: वायरवर पैसे खर्च करा

साध्या प्लगसाठी डीबीपासून (एमसीबींच्या पेटीपासून) थेट, मध्ये कुठेही फाटा न फोडता, किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. तिला स्वतःची २० अँपिअरची सी प्रकारची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की तोडणारा स्विच. सॉकेट नामांकित कंपनीचं, जड, १६ अँपिअरचं. बटणांच्या शेजारचं नाजूक मॉड्युलर सॉकेट नको. चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल, तर १५ ऐवजी १० किंवा १२ वर ठेवा. रात्र मोठी असते.

३२ अँपिअरच्या डब्यासाठी ६ चौरस मिलिमीटर तांबं आणि ४० अँपिअरची एमसीबी ही किमान गोष्ट. पण अंतर वाढलं की ६ पुरत नाही. हिशोब करून दाखवतो. मीटर-रूम ते पार्किंग ४० मीटर असेल, तर जाण्या-येण्याची मिळून ८० मीटर वायर होते. ६ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरला सुमारे ३.१ मिलिओहम, म्हणजे एकूण पाव ओहम. ३२ अँपिअरला जवळजवळ ८ व्होल्ट वाटेतच पडतात आणि अडीचशे वॅट वायर तापवण्यात जातात. १० चौरस मिलिमीटर टाकली तर पडझड पाच व्होल्टांच्या आत येते. केबल एकदाच टाकायची असते, डबा पुढेमागे बदलता येतो. म्हणून मी २५-३० मीटरच्या पुढे १० चीच वायर टाकायला सांगतो. ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण त्याच कामाला दीडपटीहून थोडी जास्त जाडी लागते आणि टोकांना योग्य लग (दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) नसतील तर जोड तापतात. आमच्याकडे केबल, ट्रे आणि मजुरी मिळून डब्यापेक्षा जास्त खर्च झाला. त्याचं वाईट वाटलं नाही.

उघड्यावरून जाणारी केबल आर्मर्ड (धातूच्या कवचाची) घ्या. उंदीर साधी केबल कुरतडतात. ती जमिनीवरून नेऊ नका, छताच्या कडेने ट्रेमधून न्या. डब्यात शिरताना ग्लँड (केबलभोवती आवळायची, पाणी अडवणारी कडी) लावा. जोड शक्यतो नकोच.

एक्स्टेन्शन बोर्डवर इलेक्ट्रिक गाडी कधीही लावायची नाही. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण आतून वितळायला लागतं. घरच्या इन्व्हर्टरवरही नाही.

आरसीसीबी घेताना एक बारकावा आहे. गाडीच्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर गळतीत डीसीचा अंश येऊ शकतो, आणि साधी एसी प्रकारची आरसीसीबी डीसीपुढे आंधळी होते. म्हणून दुकानात "टाइप ए" मागा. भिंतीवरच्या डब्यात ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात बघा. नसेल तर "टाइप बी" लागते, आणि ती महाग असते. स्वस्त डबा घेऊन वाचवलेले पैसे तिथे जातात.

पायरी ५: अर्थिंग

सगळ्यात जास्त फोन याच विषयावर येतात. "गाडी नवीन, चार्जर नवीन, लाल दिवा लागतोय, चार्ज होत नाही." दहातल्या बहुतेक वेळा कारण अर्थिंग असतं. टीव्ही, फ्रिज, गीझर अर्थिंगशिवायही चालतात, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही. गाडीचा चार्जर मात्र वीज सोडण्याआधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर अडून बसतो. तो तुमच्या घराची पहिली प्रामाणिक तपासणी करत असतो.

इथे अनेक वायरमन जे करतात, ते मी पोटतिडकीने सांगतो, कृपया करू देऊ नका. सॉकेटच्या मागे न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि अर्थ यांच्यामध्ये वायरचा एक तुकडा टाकतात. दिवा लगेच हिरवा होतो, गाडी चार्ज व्हायला लागते, सगळे खूश. पण कधीतरी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटतो, आपल्या इमारतींमध्ये तो तुटतोच. त्या क्षणी फेजची वीज गाडीच्या चार्जरमधून न्यूट्रलवर, तिथून त्या तुकड्यावाटे अर्थच्या पिनवर आणि तिथून गाडीच्या पत्र्यावर येते. ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेलं मूल दाराला हात लावतं. या जुगाडात आरसीसीबी सारखी पडत राहते, म्हणून ती "खराब आहे" असं सांगून तीही काढली जाते. म्हणजे वाचवणारी शेवटची गोष्टही गेली. काम झाल्यावर सॉकेट उघडून दाखवायला सांगा आणि मागे फोटो काढा.

खरा उपाय म्हणजे पार्किंगजवळ चार्जरसाठी स्वतंत्र अर्थिंग. तीन मीटर लांबीचा तांब्याचा थर दिलेला रॉड, भोवती अर्थिंगचं मिश्रण, वर झाकण असलेला छोटा चौक, आणि तिथून चार्जरपर्यंत मध्ये कुठेही जोड नसलेली तांब्याची वायर. रोध ५ ओहमच्या आत आणायचा. हे मोजायला अर्थ टेस्टर लागतो. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट दिसले म्हणजे अर्थिंग चांगलं, असं नाही. मल्टिमीटर इतका कमी करंट घेतो की कुजलेल्या अर्थिंगवरही तो २३० दाखवतो. ज्याच्याकडे अर्थ टेस्टर नाही, त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका.

आपल्या जमिनीचाही प्रश्न आहे. देशावर वरची माती फूट-दोन फूट आणि खाली मुरूम, मग काळा पाषाण. कोकणात जांभा. दोन्ही कोरडे असले की वीज वाहून नेत नाहीत. पावसाळ्यात केलेलं अर्थिंग ऑगस्टमध्ये ३ ओहम दाखवतं आणि एप्रिल-मेमध्ये तेच वीस-पंचवीसवर जातं. मग भर उन्हाळ्यात एका रात्री गाडी चार्ज होत नाही आणि आपण चार्जर कंपनीला फोन लावतो. आधी चौकात दोन बादल्या पाणी ओतून बघा. तेवढ्याने दिवा हिरवा झाला, तर दोष कुठे आहे ते कळलं. खडक लागला आणि एक रॉड पुरत नसेल, तर तीन मीटर अंतरावर दुसरा ठोकून दोन्ही जोडतात.

पायरी ६: सोसायटीत

अर्ज लेखी द्या आणि त्यासोबत एक साधा नकाशा जोडा. मीटर-रूम कुठे, केबल कुठून जाणार, डबा कोणत्या खांबावर, अर्थिंगचा खड्डा कुठे. वीज स्वतःच्या मीटरची की कॉमन मीटरची, हे पहिल्याच ओळीत लिहा, कारण सभेत पहिला प्रश्न तोच येतो. काम परवानाधारक ठेकेदाराकडून होईल आणि रिपोर्टची प्रत देऊ, हे लिहा. पार्किंग तुमच्या नावावर दिल्याचं पत्र जोडा.

विरोध करणाऱ्यांना आगीची भीती असते. ती खोटी ठरवून वाद घालू नका. त्यांना एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंगचा रिपोर्ट दाखवा. आमच्याकडे सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या काकूंनी, मी जळलेलं सॉकेट आणि त्याच्या जागी केलेलं नवीन काम दोन्ही दाखवल्यावर, स्वतः सूचक म्हणून सही केली.

इमारतीत तीन-चार जण गाडी घेण्याच्या बेतात असतील, तर प्रत्येकाने वेगळी केबल ओढण्यापेक्षा एकत्र या. मीटर-रूमपासून पार्किंगपर्यंत एक जाड केबल, तिथे एक छोटा पॅनेल आणि पुढे फाटे, हे स्वस्त पडतं. मोकळा ट्रे पहिल्याच वेळी रुंद घ्या. महाराष्ट्राच्या २०२५ च्या इव्ही धोरणात नव्या निवासी इमारतींची पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवण्याचा आग्रह आहे. नवीन फ्लॅट बुक करत असाल तर तुमच्या पार्किंगपर्यंत पाइप टाकलाय का, हे बिल्डरला आत्ताच विचारा. स्लॅब पडल्यावर ते काम चौपट त्रासाचं होतं.

पायरी ७: आता डबा निवडा

इथवर आलात तर निवड छोटी उरते. रोजचे किलोमीटर कमी असतील, तर गाडीसोबतचा पोर्टेबल चार्जर आणि वर सांगितलेला भक्कम प्लग पुरेसा आहे. सहा महिने त्यावर काढा, मग मोठा घ्यायचा का ते ठरवा. केबल मात्र पहिल्यापासून मोठ्या चार्जरच्या मापाची टाका, म्हणजे पुन्हा भिंत फोडायला नको.

मोठा डबा घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी बघा. करंट ६ ते ३२ अँपिअरमध्ये कुठेही बसवता येतो का. एसी आणि गीझर चालू असताना तो १६ वर ठेवता आला पाहिजे, घराचा एकूण भार मोजून आपोआप कमी करणारा असेल तर उत्तम. दुसरं, पावसाची झड येणाऱ्या जागेसाठी धूळ-पाण्यापासून आयपी ५४ किंवा त्याहून वरच्या दर्जाचं संरक्षण. तिसरं, बिघडला तर तुमच्या गावात माणूस येतो का. ॲप, वायफाय, रंगीत दिवे यांना मी फार किंमत देत नाही. वेळ लावायची सोय बहुतेक गाड्यांतच असते, आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये वायफाय पोचत नाही.

केबल लावलेला डबा घ्या, सुटी केबल रोज डिकीतून काढण्याचा कंटाळा येतो. लांबी पाच मीटर तरी हवी. गाडीचं सॉकेट पुढे आहे की मागच्या चाकापाशी, आणि गाडी तुम्ही पुढून लावता की मागून, हे केबल मागवण्याआधी जागेवर उभं राहून बघा. डबा छातीच्या उंचीवर, आणि तळमजल्यावर पाणी साठत असेल तर २००५ किंवा २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते विचारून त्याच्या वर लावा. पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापुरात हे सांगणारे लोक प्रत्येक इमारतीत आहेत.

पहिला महिना

पहिल्या रात्री जागे रहा. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी प्लग, सॉकेट, एमसीबी यांना हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा आणि स्क्रू कसून घ्या. आठवडाभराने वायरमनला पुन्हा बोलवून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या. नवीन तांबं तापून-थंड होऊन थोडं बसतं आणि घट्ट स्क्रू ढिले पडतात. माझ्या सॉकेटमधला स्क्रूही असाच सैल होता, आणि गाडी लावण्याआधी दहा मिनिटं काढून तो आवळला असता तर ते वाचलं असतं.

मीटरचा आकडा रोज सकाळी फोनमध्ये टिपा, शेजारी किलोमीटर. महिनाअखेरीला तुमच्या गाडीचा, तुमच्या रस्त्यांचा, तुमच्या एसीचा खरा आकडा हातात असेल. तो आकडा कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा उपयोगी पडतो. घाट रोजचा असेल तर फरक लगेच दिसेल.

किती टक्के भरायचं, हे बॅटरीच्या जातीवर आहे. टाटाच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पेशी आहेत. त्या अधूनमधून १०० टक्के भरल्या की गाडीला बॅटरीचा अंदाज नीट येतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) पेशींच्या गाड्या रोज ८० पर्यंत भरणं बरं. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते ऐका, गटावरच्या फॉरवर्डचं नको.

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, तीन कामं लावून घ्या. अर्थिंगचा रोध टेस्टरने मोजून चौकाच्या झाकणाच्या आत खडूने तारखेसह लिहा. आरसीसीबीवरचं "टी" लिहिलेलं बटण दाबून ती पडते का बघा. आणि केबल जिथे डब्यात शिरते तिथली ग्लँड घट्ट आहे ना, ते हाताने हलवून तपासा, कारण जूनमधलं पहिलं पाणी तिथूनच आत जातं.